खोट नसलेली बरणी

१

घरात तिला धाकटी म्हणत, आणि साठी उंबरठ्यावर आली तरी ती धाकटीच राहिली होती. तसं म्हणणारं आता एकच माणूस उरलं होतं, तिची थोरली बहीण. ताईचा नवरा ऐन उमेदीत गेला. धाकटीच्या लग्नाचा विषय पुढे ढकलता ढकलता तो विषयच म्हातारा झाला. खाली रस्त्याला लागून धाकटीचं चष्म्याचं दुकान, वर दोघींचं घर, असा सगळा संसार एका जिन्यात मावलेला. ताई घरी बसून शिवणकाम करायची. लोकांचे कपडे घट्ट करून द्यायची, सैल करून द्यायची, आणि ज्यांचे सैल करावे लागत त्यांच्याबद्दल जेवताना चार शब्द बोलायची.

तरुणपणी सायकलवरून पडल्यापासून ताईचा डावा पाय बोटभर आखूड होता. त्यामुळे तिची चाल घरभर ऐकू यायची, एक पाऊल टक्‌, दुसरं सप्‌. खाली गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर भिंग चढवताना धाकटीला छतावरून कळायचं, ताई आता ओट्याशी आहे, आता खिडकीत गेली, आता मशीनवर बसली. ती मुद्दाम ऐकत नसे. घड्याळाची टिकटिक तरी आपण कुठे मुद्दाम ऐकतो?

धाकटीला एकच नाद होता, जुन्या भांड्यांचा. कारखान्यातली एका साच्याची भांडी नव्हेत. मागच्या एक-दोन पिढ्यांत काही कलावंत कुंभारांनी आपापल्या छोट्या स्टुडिओत चाकावर घडवलेली, स्वतःची झिलई स्वतः घोटून भट्टीत भाजलेली. मागच्या खोलीत तिन्ही भिंतींना फळ्या होत्या. त्यांवर वाडगे, सुरया, किटल्या, पसरट थाळे मांडलेले. कुणाचं अंग झाडाच्या सालीसारखं खरबरीत, कुणावर कंगव्यानं ओढल्यासारख्या रेघा, कुणाची झिलई तळ्यातल्या पाण्यासारखी हिरवट, बारीक भेगांच्या जाळीची. ताई त्या सगळ्याला सरसकट 'तुझी मडकी' म्हणायची.

रविवारी दुकान बंद असे. त्या दिवशी धाकटी मऊ ब्रश आणि जुनं सुती फडकं घेऊन मागच्या खोलीत शिरायची, एकेक भांडं हातात घ्यायची, झाडायची आणि आधी उलटं करून बघायची. माणसाचं तोंड बघावं, भांड्याचं बूड बघावं, असं ती म्हणे. बुडाशी खरं काय ते कळतं. कुठे झिलईचा थेंब ओघळता ओघळता थिजलेला असतो, कुठे भट्टीत शेजारच्या भांड्याला चिकटल्याचा व्रण असतो, कुठे ओल्या मातीत कुंभाराचं बोट रुतलेलं असतं. प्रत्येक भांड्याची खोट तिला तोंडपाठ होती. कुंभाराच्या नावाचा शिक्का काय, कुणीही मारेल. खोट हीच खरी सही, यावर तिचा विश्वास होता.

म्हणूनच ती बरणी तिनं घ्यायला नको होती.

२

बरणी मिळाली ती जुन्या वस्तूंच्या दुकानात. दुकानदार प्रत्येक वस्तू हातात देण्याआधी तिच्यावर फुंकर मारायचा, म्हणून दोघी बहिणी घरात त्याला फुंकरशेठ म्हणत. त्याची नि धाकटीची ओळख जुनी. नवा माल आला की तो आधी तिला कळवायचा.

बरणी गुडघ्याएवढी उंच, पोट भरदार, तोंड हात सहज आत जाईल इतकं रुंद. खालचं अंग खडबडीत, तांबूस, आडव्या रेघांचं. खांद्यापासून वर राखाडी झिलई चढलेली, आणि ती संपते तिथे एकही ओघळ नाही. सुरीनं कापावी तशी सरळ कड. धाकटीनं बरणी आडवी केली, बूड पाहिलं. शिक्का नाही. व्रण नाही. टाचणीच्या टोकाएवढं छिद्रही नाही. तिनं आत हात घालून तळ चाचपला. कोपराच्या जरासं वर गेल्यावर तळ लागला, तोही गुळगुळीत.

फुंकरशेठला विचारलं तर त्यालाही ठाऊक नव्हतं कुणाच्या हातची ते. एक घर रिकामं होत होतं, तिथल्या सामानात आली, एवढंच तो म्हणाला. ज्या वस्तूत खोट सापडत नाही ती एक तर नकली असते, नाही तर आपली नजर तोकडी पडते. तीस वर्षं लोकांच्या नजरा तपासणाऱ्या बाईला ही दुसरी शक्यता पचेना. घरी नेऊन सावकाश बघू, कुठे तरी सापडेलच, असं मनाशी म्हणत तिनं बरणी घेतली.

फुंकरशेठ स्वतः ती वर पोचवून गेला. धाकटी चहा टाकायला आत गेली तेवढा वेळ तो मागच्या खोलीत एकटा होता. ही गोष्ट तिनं तेव्हा मनावर घेतली नाही, नंतर फार घेतली.

ताई दारात उभी राहून बरणीकडे बघत म्हणाली, "हिच्यात एखादा माणूस सहज मावेल."

"मांजर मावेल फार तर," धाकटी म्हणाली.

"मग मांजर आण. मडकी तरी किती आणशील?"

३

पुढच्या रविवारी एका काळपट वाडग्याची खोट गेलेली होती.

वाडगा बरणीच्या शेजारच्या फळीवर असायचा. त्याच्या काठाला नखाएवढा टवका होता. उचलताना धाकटीचा अंगठा आपोआप त्या टवक्यावर जायचा, ओळखीच्या जिन्यात हात कठड्यावर जातो तसा. त्या दिवशी अंगठा गेला आणि काठ सलग लागला. तिला वाटलं, आपण उलटा धरला असेल. गोल फिरवला. मग खिडकीशी नेला. काठ सगळीकडून धड होता, झिलई एकसंध, जोडल्याची रेघ नाही, रंगात फरक नाही.

दुरुस्त केलेलं भांडं तिला अंधारातही ओळखू आलं असतं. हे दुरुस्त केलेलं नव्हतं. मग एकच अर्थ उरत होता, कुणीतरी अदलाबदल केली होती. त्याच कुंभारानं एकाच वेळी बनवलेला दुसरा वाडगा कुणाच्या हाती लागला असेल, आणि तो इथे ठेवून तिचा नेला असेल. टवका पडलेला नेऊन धड ठेवणारा चोर जगात कुठे असतो, हा प्रश्न मनात आला, पण संशयाला एकदा पाय फुटले की तो असल्या प्रश्नांशी थांबत नाही. तिला चहाचा तो दिवस आठवला.

ती दुसऱ्याच दिवशी फुंकरशेठकडे गेली. सरळ आरोप केला नाही, आडून आडून बोलत राहिली. पण माणूस मुरलेला होता, त्याला कळलं. त्याला वाईट वाटलं. एका हातची दोन भांडी कधी सारखी निघत नाहीत, हे तुम्हीच मला शिकवलंत, असं म्हणत त्यानं दुकानाचं दार ओढून घेतलं आणि तिच्याबरोबर चालत घरी आला.

वाडगा हातात घेतल्यावर तो आधी सवयीनं फुंकर मारायला वाकला. मग त्याचा अंगठा काठावरून फिरला आणि फुंकर तोंडातच राहिली.

"हा तोच आहे, बाई," तो म्हणाला. "हा टवका माझ्याच हातून पडला होता. काउंटरवर आपटला. त्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे."

"मग टवका गेला कुठे?"

त्यानं वाडगा जागेवर ठेवला. ठेवताना त्याची नजर खाली जमिनीवरच्या बरणीकडे गेली. तो दोन पावलं मागे सरला. बरणी परत न्या म्हणून धाकटी बोललीसुद्धा नव्हती, तरी तो म्हणाला, दिलेली वस्तू मी परत घेत नाही. चहालाही थांबला नाही. जिन्यावरून उतरताना तो कठडा धरून उतरत होता, वास्तविक त्याचे गुडघे ठणठणीत होते.

४

माणूस असा घाबरून गेला म्हणजे एक तर त्यानं काही केलंय, नाही तर त्याला काही ठाऊक आहे. धाकटीनं दोन्ही शक्यता उलटसुलट करून पाहिल्या आणि शेवटी घरातच बघायचं ठरवलं. घरात बघायचं म्हणजे ताईकडे.

ताईनं वाडगा फोडला असेल. मग घाबरून कुठून तरी दुसरा पैदा केला असेल. ही कल्पना तिला स्वतःलाच हास्यास्पद वाटली, कारण ताई आयुष्यात कुणाला घाबरली नव्हती. तरी तिनं सुईनं काही भांड्यांच्या बुडाशी, कुणाला दिसणार नाही अशा जागी, बारीक चरे ओढले. मग मागच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली खाली दुकानाच्या खणात टाकली.

रविवारी तिनं एकटीनं कुलूप उघडलं. दूरच्या भिंतीवरच्या भांड्यांचे चरे जिथल्या तिथे होते. बरणीच्या आसपासच्या फळ्यांवर एकही चरा नव्हता. नुसता चरा नव्हे. तिच्या आवडत्या किटलीवर ओघळून थिजलेला झिलईचा थेंब होता, तोही गेला होता. एका थाळ्यात कुंभाराच्या बोटाचा ठसा होता, तिथे आता सपाट, चकचकीत झिलई होती. भांडी सुंदर दिसत होती. एखाद्या मोठ्या दुकानाच्या काचेत शोभतील अशी. आणि तिला त्यांतलं एकही ओळखता येत नव्हतं.

खोलीत बारीक आवाज होता. भट्टीतून काढलेली भांडी निवताना झिलई टिणटिण वाजते, तसा. पण ही भांडी भट्टीतून निघून कितीतरी वर्षं झाली होती. ती कान देऊन उभी राहिली तेव्हा आवाज थांबला.

तिनं स्वतःवरही संशय घेऊन पाहिला. दुकानात बसून आपलेच डोळे तपासले. तेवढ्यानं समाधान होईना म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी दिवा मारून, थेंब घालून सगळं बघितलं आणि या वयात असे डोळे दुर्मीळ, असं सांगून हसत हसत परत पाठवलं. डोळे खराब निघाले असते तर तिला जास्त बरं वाटलं असतं.

५

कुलपाची गोष्ट ताईला कळलीच. कपड्यांच्या चिंध्यांची पिशवी त्या खोलीत असायची. ती आणायला गेली तर दार बंद. संध्याकाळी धाकटी वर आली तेव्हा ताई मशीनवर नुसती हात ठेवून बसली होती.

"घरात आपण दोघी," ताई म्हणाली. "कुलूप कुणासाठी?"

धाकटीनं आधी चोरांचं नाव सांगितलं, मग धुळीचं. ताई ऐकत राहिली. धाकटीला खोटं बोलता येत नाही हे जगात एकाच माणसाला पक्कं ठाऊक होतं, आणि ते समोर बसलं होतं. शेवटी धाकटीनं सगळं सांगून टाकलं. वाडगा, चरे, किटली, फुंकरशेठ. सांगता सांगता आपण काय सांगतो आहोत ते तिलाच ऐकू येत गेलं आणि आवाज बारीक होत गेला.

ताई चिडली असती तर निभावलं असतं. पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं. उभा जन्म एका ताटात जेवलो, आणि आज तू माझी परीक्षा घ्यायला सुईनं खुणा केल्यास, एवढंच ती म्हणाली. मग भाजी गरम करायला उठली. टक्‌, सप्‌. त्या दिवशी जेवताना कुणी कुणाच्या सैल कपड्यांबद्दल बोललं नाही.

सकाळी धाकटीनं किल्ली आणून ताईच्या मशीनवर ठेवली. "माझं डोकं फिरलं होतं," ती म्हणाली.

"ते जुनंच आहे," ताई म्हणाली, आणि दोघी हसल्या. मग ताई म्हणाली की आज शिवण कमी आहे, तुझी मडकी मीच झाडून ठेवते. धाकटीच्या ओठांवर 'नको' आलं होतं. पण कालचं ते पाणी तिनं बघितलं होतं. इतके दिवस कुलूप घातलं आणि आज किल्ली देऊनही खोलीत जाऊ नको म्हणायचं, हे कुठल्या तोंडानं सांगणार? ती खाली दुकानात गेली.

दुपारी उशिरा ती एका बाईंच्या चष्म्याच्या काड्या वाकवून कानाला बसवत होती. वर कुणीतरी चालत गेलं. मागच्या खोलीतून मशीनकडे. टक्‌, टक्‌, टक्‌, टक्‌. धाकटीला वाटलं, ताईकडे कपडे घेऊन कुणी आलं असेल. पण जिना दुकानाच्या दारातूनच वर जायचा, आणि तासाभरात त्यावरून कुणीही गेलं नव्हतं.

मशीन सुरू झालं. एकसारखं, न अडखळता.

६

"बरं झालं तर वाईट वाटतंय का तुला?" ताईनं विचारलं.

ताई सरळ चालत होती. डावा पाय उजव्याइतकाच टेकत होता. धाकटीनं बळंबळं तिला घराजवळच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दोन्ही पाय मोजले, तिला चालवून बघितलं, आणि पूर्वी मोजणाऱ्यानं चूक केली असेल म्हणाले. आखडलेले स्नायू कधी कधी आपोआप मोकळे होतात, असंही म्हणाले. डॉक्टरांना शंका घ्यायला वेळ नव्हता, बाहेर रांग होती.

मग धाकटी बघायला लागली. आयुष्यभर तिनं हेच तर केलं होतं. ताईच्या बोटांची टोकं सुया टोचून टोचून खरबरीत झालेली असायची. ती आता मऊ होती. हनुवटीखालचा बारीक तीळ दिसेना. शिवणीची रेघ शेवटाकडे जराशी कलायची, ती ताईची सवय, गिऱ्हाइकंसुद्धा त्यावरून चिडवायची; आता रेघ पट्टीनं आखल्यासारखी यायची. चहात साखर तितकीच. जुन्या गोष्टी विचारल्या तर सगळ्या बिनचूक सांगायची. आईच्या आजारपणात कोण कोण आलं होतं, कुणी काय आणलं होतं, धाकटी विसरलेल्या गोष्टीही सांगायची. पूर्वी ताई प्रत्येक आठवणीत स्वतःच्या पदरची फोडणी घालायची, आणि मग दोघी त्यावरून भांडायच्या. आता भांडण्यासारखं काही उरलं नव्हतं.

जेवताना ती कुणाबद्दल चार शब्द बोलत नसे. 'तुझी भांडी' म्हणायची. आवाज गोड होता.

आपल्याला वेड लागलं आहे, हे धाकटीनं स्वतःला नीट समजावून पाहिलं. बहिणीचा पाय बरा झाला, स्वभाव निवळला, आणि आपण तिचं बूड उलटून बघायला निघालो. एखाद्या शहाण्या माणसाला सांगितलं तर तो हसेल. म्हणून तिनं कुणाला सांगितलं नाही. फक्त ताई वर चालायला लागली की ती खाली दुकानातला पंखा मोठा करायची.

मग एका दुपारी चष्म्याची एक पेटी वर राहिली म्हणून ती अवेळी घरात गेली. चपला जिन्याखाली काढल्या होत्या, पावलांचा आवाज नव्हता. मागच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. खिडकीतून भरपूर ऊन आत येत होतं, सगळ्या फळ्या लखलखत होत्या.

ताई बरणीशी गुडघे टेकून बसली होती. तिचा उजवा हात बरणीत होता. खांद्यापर्यंत. गाल बरणीच्या काठावर दाबलेला, डोळे मिटलेले, आणि धान्याच्या पोत्याच्या तळाशी पडलेली वस्तू शोधावी तसा खांदा सावकाश फिरत होता.

बरणीचा तळ कोपराच्या जरासं वर लागायचा. धाकटीनं स्वतः हात घालून पाहिला होता.

ताईनं डोळे न उघडता म्हटलं, "सुई पडली माझी."

मग तिनं हात बाहेर काढला. काढायला बराच वेळ लागला. काखेपर्यंत हातावर बारीक पांढुरकी माती बसली होती. ती ताईनं शांतपणे फडक्यानं पुसली.

७

दुसऱ्या दिवशी धाकटीनं दुकान उघडलं नाही. ताई ओट्याशी असताना ती मागच्या खोलीत गेली, दोन्ही हातांनी बरणी उचलली आणि जिन्याच्या माथ्यावर आणली. खालच्या दगडी फरशीवर टाकली की संपलं. बरणी वाटली होती त्याहून जड होती, पण नुसती जड नव्हती. भरलेली बादली उचलल्यावर आतलं पाणी एकीकडे झुकतं, तसा भार आत एकीकडून दुसरीकडे सरकत होता. आत बघितलं तर काही नव्हतं.

मागून ताई आली. हात ओले होते, ते ती पुसत होती. तिनं अडवलं नाही, आवाज चढवला नाही.

"फोडायची असेल तर फोड," ती म्हणाली. "वस्तू तुझी आहे. पण आधी एकदा आत हाक मारून बघ."

धाकटीच्या दंडाला कळा लागल्या होत्या. तिनं ताईच्या तोंडाकडे पाहिलं. त्यावर राग नव्हता, भीती नव्हती. कुतूहल होतं. हाक मारली तर काय होतं, हे तिलाही ठाऊक नसावं आणि बघायचं असावं.

धाकटीनं बरणीच्या तोंडाशी तोंड नेलं. आतून गारवा आला, ओल्या मातीचा वास आला. मग अडखळत, मध्येच श्वास घेत ती म्हणाली, "ता...ई."

घागरीत बोला, पिंपात बोला, आवाज घुमून परत येतो. लहान मूलसुद्धा हे करून बघतं. तिचा आवाज परत आला नाही. खोल विहिरीत टाकलेला खडा पाण्याला लागल्याचं कळतच नाही, तसा तो गेला तो गेलाच. शेजारी उभी असलेली ताईसुद्धा 'ओ' म्हणाली नाही. मान जराशी कलती करून तीही ऐकत होती.

धाकटी जिन्याच्या माथ्यावर तशीच उभी राहिली. खाली टाकावी, तर आत कुणी असेल तर? टाकू नये, तर शेजारी ही उभी आहे. अखेर हातांनी तिच्यासाठी निर्णय घेतला. ते गळून गेले, आणि तिनं बरणी अगदी अलगद, पाळण्यात मूल निजवावं तशी, जमिनीवर ठेवली.

"चहा टाकते," ताई म्हणाली.

८

त्यानंतर धाकटीनं एकही नवं भांडं घेतलं नाही. फुंकरशेठ रस्त्यात दिसला तर दोघंही दुसरीकडे बघत. बरणी मागच्या खोलीत परत गेली. रविवारी झाडणं बंद झालं, कारण झाडण्यासारखी धूळही त्या खोलीत बसेनाशी झाली होती. घरात भांडण नव्हतं, तंटा नव्हता. शेजारणी म्हणत, बहिणी असाव्यात तर अशा. धाकटी खाली उतरायची ती अंमळ लवकर, आणि वर जायची ती उशिरा.

पुढे एका सकाळी तिच्या दुकानात एक वयस्क मास्तर नवा नंबर काढायला आले होते. त्यांच्या नाकावर चाचणीची फ्रेम होती. धाकटी एकेक भिंग घालत, काढत, समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला सांगत होती. वर शिवणयंत्र चालू होतं.

वरून कुणीतरी हाक मारली. "ता...ई."

मास्तर वाचता वाचता थांबले. "घरात कुणी बोलावतंय वाटतं," ते म्हणाले.

आवाज धाकटीचा स्वतःचाच होता. मध्येच तुटलेला, श्वास घेऊन पुरा केलेला. मास्तरांनी जाड भिंगांतून तिच्या मिटलेल्या ओठांकडे बघितलं, मग वर छताकडे.

"तुमच्या बहिणीचा आवाज अगदी तुमच्यासारखा आहे हो," ते म्हणाले.

वर यंत्र थांबलं. "आले गं," ताई म्हणाली. खुर्ची मागे सरकली, आणि मागच्या खोलीचं दार उघडल्याचं ऐकू आलं.

धाकटीच्या चिमटीत भिंग होतं. ते कुठे तरी घालायला हवं म्हणून तिनं ते फ्रेममध्ये घातलं आणि पुढची ओळ वाचायला सांगितली. मास्तरांनी ती पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचली. तिच्या कानात त्यातलं काही शिरलं नाही. वर दोघी बोलायला लागल्या होत्या. शब्द कळत नव्हते. दुपारची आवराआवर झाल्यावर बहिणी बहिणी बोलतात तसा हलका, न संपणारा आवाज येत होता.